स्की-स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर व्हायचंय: काम नेमकं कसं असतं आणि तयारी काय करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्कीइंग चांगलं जमतं, मध्यम अवघड उतार आरामात उतरता येतात, थोडंफार स्नोबोर्डही केलेलं आहे. अशा माणसाने एखाद्या डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये एक सीझन इन्स्ट्रक्टर म्हणून काम करावं का? प्रमाणपत्र कोणतं घ्यावं, स्की निवडावं की स्नोबोर्ड, आणि रोजचं काम कसं असतं? मी बरीच वर्षं दोन्ही शिकवते आणि नव्याने येणाऱ्या इन्स्ट्रक्टरांना तयार करण्याचं कामही माझ्याकडे असतं. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पहिल्याच महिन्यात काम सोडून जाणारे बहुतेक जण इथेच फसलेले असतात. या नोकरीत तुमचं स्वतःचं स्कीइंग फार थोडं होतं. पहिल्या सीझनला दिवसाचा मोठा भाग जवळजवळ सपाट जागेवर जातो. मॅजिक कार्पेटच्या, म्हणजे नवख्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या, बाजूला उभं राहायचं, कुणाच्या बुटाखाली चिकटलेला बर्फ खरवडायचा, कुणाचा हात धरून उलट्या दिशेने घसरत यायचं, पडलेल्याला उठायला शिकवायचं. रात्रभर ताजा बर्फ पडलेला असतो, वरचे उतार खुले असतात, आणि तुम्ही खाली चार वर्षांच्या मुलाचा हातमोजा शोधत असता. यात ज्याला मनापासून आनंद वाटतो त्याच्यासाठी हे काम फार सुंदर आहे. ज्याला भरपूर स्कीइंग करायचं आहे त्याने रिसॉर्टवर दुसरी नोकरी पाहावी. लिफ्टवर, भाड्याच्या उपकरणांच्या दुकानात किंवा संध्याकाळच्या पाळीत काम करणाऱ्यांना स्वतःसाठी उतारावर जास्त वेळ मिळतो.

दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी सगळे इन्स्ट्रक्टर एका ठरलेल्या जागी जमतात. सुपरवायझर बुकिंग पाहून कुणाला कोणता गट द्यायचा ते ठरवतो. आधीपासून नाव घेऊन मागणी आलेल्यांना आणि वरच्या लेव्हलच्या लोकांना प्रायव्हेट लेसन मिळतात, नव्यांच्या वाट्याला लहान मुलं आणि पहिल्यांदा बर्फावर आलेले प्रौढ येतात. गट मिळाला की खरी घाई सुरू होते. दहा मिनिटांत कुणाचे बूट चुकीचे आहेत, कुणी दोन-तीन मोजे घातलेत, कुणाचं पोट बिघडलंय, कोण नवऱ्याच्या आग्रहाखातर आलंय, कुणाला खरंच शिकायचंय, हे सगळं हेरावं लागतं. फॉर्मवर लिहिलेल्या लेव्हलवर विसंबू नका. "मी पॅरलल करतो" (म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळतो) असं सांगणारा माणूस पहिल्या वळणाला मागे झुकून दोन्ही हात हवेत फेकतो, हे दर आठवड्याला दिसतं. तो खोटं बोलत नसतो. पाच वर्षांपूर्वी एका मऊ उतारावर त्याला जमलेलं असतं आणि तेच त्याच्या लक्षात राहिलेलं असतं. म्हणून पहिली चाचणी नेहमी त्याने सांगितलेल्या पातळीच्या एक पायरी खालच्या उतारावर घ्यायची.

या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य इथेच आहे: उतार निवडणं. नवे इन्स्ट्रक्टर तोंडी सूचनांचा मारा करतात. गुडघे वाकव, पुढे झूक, बाहेरच्या पायावर वजन दे, समोर बघ. शिकणारा यातलं एकही करू शकत नाही, कारण तो घाबरलेला असतो. भीती वाटली की शरीर आपोआप उताराच्या उलट दिशेला, म्हणजे मागे झुकतं. मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचा दाब जातो. तो दाब गेला की स्की वळत नाही. वळत नाही म्हणून वेग वाढतो, आणि वेग वाढला की माणूस आणखी घाबरून आणखी मागे झुकतो. या चक्रात अडकलेल्याला "पुढे झूक" असं शंभर वेळा ओरडून काहीही होत नाही. त्याला अशा जागी न्यावं लागतं जिथे उतार इतका कमी आहे आणि खाली इतकं सपाट मैदान आहे की काही न करताही तो आपोआप थांबेल. तिथे दोन-तीनदा घसरला की खांदे सैल पडतात, श्वास मोकळा होतो, नडगी बुटाच्या जिभेला टेकते आणि स्की वळायला लागते. तोंडाने तुम्ही काहीही सांगितलेलं नसतं. चांगला इन्स्ट्रक्टर किती बोलतो यापेक्षा तो गटाला कुठे घेऊन जातो हे मी आधी पाहते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे गटाला वरच्या उतारावर केव्हा न्यायचं. हा निर्णय दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो आणि त्यावर सगळं अवलंबून असतं. गटातला सगळ्यात धीट माणूस "वर चला, वर चला" म्हणून मागे लागतो. त्याच्या दबावाखाली निर्णय घेऊ नका. सगळ्यात मागे पडलेल्या माणसाला खालच्या उतारावर सलग तीन-चार वेळा, दोन्ही बाजूंना वळून, सांगितलेल्या जागी थांबता आलं की मगच वर जा. थांबता येणं आणि हवं तिथे थांबता येणं यात मोठा फरक आहे. नुसता ब्रेक मारून थांबणारा माणूस तीव्र उतारावर टिकत नाही, कारण तिथे स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या दूर ठेवून केलेला व्हीचा आकार कितीही मोठा केला तरी तो धरत नाही आणि मांड्या दोन मिनिटांत भरून येतात. वेग आवरायचा खरा मार्ग वळणात आहे. वळण पूर्ण करत स्की उताराला आडवी आणायची, जरा वरच्या बाजूला वळू द्यायची, म्हणजे वेग आपोआप उतरतो. हे ज्याला पहिल्या दिवशी कळलं तो दुसऱ्या दिवशी पुढच्या उतारावर आनंदाने जातो. ज्याला फक्त ब्रेक शिकवला तो तिथे अडकून बसतो.

स्कीच्या पहिल्या तासाचा क्रम जगभर साधारण सारखाच असतो. आधी बूट नीट घालणं, एकच पातळ मोजा, पँटचं टोक बुटाच्या बाहेर. मग एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालणं, मग दोन्ही पायांत, मग उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढणं, मग सरळ घसरून आपोआप थांबणं, मग टोकं जवळ आणि शेपट्या दूर ठेवून वेग कमी करणं, मग त्याच आकारात वळणं. पोल्स, म्हणजे हातातल्या काठ्या, पहिल्या सत्रात मी देत नाही. नवख्याच्या हातात ते अडचण करतात, आणि पोलचा पट्टा मनगटात ठेवून पडलं तर अंगठ्याच्या बुडाचा अस्थिबंध दुखावतो. ही या खेळातली इतकी ठराविक दुखापत आहे की तिला स्कीअरचा अंगठा म्हणूनच ओळखतात. सोप्या आकारातून वळणाकडे आणि तिथून समांतर स्कीकडे नेणारा हा क्रम पुष्कळसा ऑस्ट्रियाच्या आर्लबर्ग भागात हानेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेल्या पद्धतीतून आला. १९९० च्या दशकात मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद अशा कार्व्हिंग स्की सर्वत्र आल्या, तेव्हा मधल्या काही पायऱ्या गळाल्या. स्की एजवर, म्हणजे तिच्या कडेवर, झुकवली की ती स्वतःच वळते, त्यामुळे आधी आठवडाभर लागायचा तो टप्पा आता बऱ्याच जणांना दोन-तीन दिवसांत गाठता येतो.

स्नोबोर्ड शिकवणं वेगळं आहे आणि पहिला दिवस जास्त कठीण असतो, शिकणाऱ्यालाही आणि तुम्हालाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळे तोल गेला तर पाय टाकून सावरता येत नाही. सगळं एजवर अवलंबून असतं. उताराला आडवी उभी असलेली फळी टाचेच्या किंवा बोटांच्या बाजूने बर्फात टेकलेली हवी. ती सपाट झाली आणि उताराकडची कड बर्फात रुतली की माणूस क्षणात जोरात आपटतो, आणि तेही नेमकं त्याला जमायला लागलंय असं वाटत असताना. म्हणून मी कुणालाही फळी सरळ खाली घालू देण्याआधी आडव्या घसरणीवर भरपूर वेळ देते. टाचेच्या कडेवर सरळ खाली घसरणं, मग डावीकडे-उजवीकडे सरकत पानासारखं खाली येणं, मग तेच सगळं बोटांच्या कडेवर. बोटांच्या कडेवर पाठ दरीकडे असते, त्यामुळे भीती जास्त. तिथे मी समोर उभी राहून दोन्ही हात धरते, पण ओढत नाही. माझ्या हातांवर किती भार येतो त्यावरून त्याचं वजन कुठे आहे ते कळतं, आणि भार कमी होत गेला की हात हळूच सोडते.

पडायला शिकवणं हा स्नोबोर्डच्या पहिल्या धड्याचा भाग आहे. नवख्यांच्या दुखापतींत मनगटाचं प्रमाण मोठं असतं, कारण पडताना माणूस तळहात टेकवतो. मुठी मिटून, हात छातीशी घेऊन, पुढे पडलात तर गुडघे आणि कोपरापर्यंतच्या हातांवर, मागे पडलात तर नितंबावर आणि पाठीवर लोळण घेत पडायचं. रिस्ट गार्ड भाड्याने मिळत असतील तर पहिल्या तीन दिवसांसाठी घ्यायला सांगा. डावा पाय पुढे की उजवा, हे ठरवताना पाठीत हलकाच धक्का देऊन कोणता पाय पुढे येतो ते पाहायची जुनी पद्धत आहे. ती मला अजिबात आवडत नाही. लोक दचकतात, आणि पहिल्याच पाच मिनिटांत तुमच्यावरचा विश्वास कमी होतो. त्यापेक्षा सपाट बर्फावर बुटांनीच धावत जाऊन घसरायला सांगा, जो पाय स्वतःहून पुढे येतो तो घ्या, आणि नंतर अवघडल्यासारखं वाटलं तर बदला.

"स्की शिकायला सोपं पण प्रावीण्याला अवघड, स्नोबोर्ड याच्या उलट" असं सर्रास म्हटलं जातं. शिकणाऱ्याला धीर द्यायला हे वाक्य चालतं, पण इन्स्ट्रक्टरने त्यावर भिस्त ठेवू नये. स्नोबोर्डवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची वळणं जोडता येतात आणि मग झपाट्याने प्रगती होते, हे बरोबर. पण पहिल्या दिवसानंतर परत न येणारे लोकही तिथेच जास्त असतात. त्यांना दुसऱ्या दिवशी आणणं हेच तुमचं काम. त्यासाठी पहिला दिवस लवकर संपवा. थकलेल्या पायांनी मारलेल्या शेवटच्या दोन फेऱ्यांतच लोक जोरात आपटतात.

आता लहान मुलं. नव्या इन्स्ट्रक्टरचा अर्ध्याहून जास्त वेळ त्यांच्यात जातो, आणि खरं सांगायचं तर माझा आजही सगळ्यात आवडता वर्ग तोच. तीन-चार वर्षांच्या मुलाला तंत्र सांगून उपयोग नसतो. त्याला स्कीची टोकं जवळ आणून पिझ्झा करायला सांगा, सरळ ठेवून फ्रेंच फ्राइज करायला सांगा, वाटेत ठेवलेल्या रंगीत खुणांवरून खेळणी गोळा करायला सांगा. एका खेळावर पाच-सात मिनिटांच्या वर मन टिकत नाही, म्हणून पुढचा खेळ आधीच डोक्यात तयार हवा. मूल रडायला लागलं तर कारण बहुतेक वेळा शरीरातच असतं: थंडी, भूक, लघवी, टोचणारा बूट, ओला हातमोजा. आधी हे पाचही तपासा, मग समजूत घाला. सत्र सुरू होण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात नेणं हा मुलांच्या वर्गातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे, कारण एकदा सगळे कपडे, बूट, हेल्मेट चढवल्यावर ते पुन्हा उतरवण्यात पाऊण तास जातो.

चेअरलिफ्टवर मुलं नेणं ही गंभीर जबाबदारी आहे. उतारावर मूल पडलं तर बहुतेक वेळा हसत उठतं, खुर्चीतून पडलं तर तसं होत नाही. लिफ्टवरच्या कर्मचाऱ्याला आधी हाताने खूण करून वेग कमी करायला सांगा. लहान मूल त्या कर्मचाऱ्याच्या बाजूला बसवा, म्हणजे त्याला उचलून बसवता येतं. गटात मुलं जास्त असतील तर रांगेतल्या प्रौढांना नम्रपणे विचारून प्रत्येक मुलाशेजारी एक मोठं माणूस बसेल असं पाहा. पाठ टेकवून बसणं, दांडी लगेच खाली घेणं, वर पोहोचेपर्यंत मागे वळून न पाहणं, हे जमिनीवर बाकावर बसवून आधी सराव करून घ्या. वर गेल्यावर काय करायचं, हे वर गेल्यावर सांगायची वेळ आली तर उशीर झालेला असतो.

सुरक्षेच्या बाबतीत प्रत्येक इन्स्ट्रक्टरला आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे, म्हणजे एफआयएसचे, दहा आचारनियम पाठ असायला हवेत. ते पहिल्यांदा १९६७ मध्ये तयार झाले आणि अनेक देशांत अपघाताच्या खटल्यांत जबाबदारी ठरवताना आजही पाहिले जातात. त्यातला गाभा असा की मागून किंवा वरून येणाऱ्याने पुढच्या माणसाला धोका होणार नाही अशी वाट निवडायची. पण तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा नियम थांबण्याच्या जागेचा आहे. गट घेऊन थांबताना उताराच्या कडेला थांबा, वरून स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी थांबा, उंचवट्याच्या लगेच खाली कधीही थांबू नका. तुम्ही स्वतः गटाच्या खालच्या बाजूला, वर तोंड करून उभं राहा. म्हणजे गटाचं लक्ष तुमच्याकडे असतं आणि वरून कोण येतंय ते तुम्हाला दिसतं. कुणाला इजा झाली तर त्याच्या वरच्या बाजूला, थोड्या अंतरावर, दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा आणि स्की पेट्रोलला, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाला, रेडिओवर नेमकी जागा सांगा: उताराचं नाव, कितवा खांब, डावी बाजू की उजवी. जखमी माणसाचा बूट काढायला जाऊ नका. घट्ट बूट मोडलेल्या हाडाला तात्पुरता आधार देत असतो.

बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्याला, स्वतः हात लावायचा मोह आवरा. ती किती दाबाला सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची शैली यांवरून ठरतं आणि ते प्रशिक्षित तंत्रज्ञानेच लावायचं असतं. फारच सैल वाटली किंवा सुटतच नसेल तर गटातल्या त्या माणसाला दुकानात परत पाठवा. स्कीवर पडताना एक सूचना मात्र पहिल्या दिवशीच द्या: पडायला लागलात तर पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. मागे बसत बसत उठायच्या धडपडीत गुडघ्याच्या सांध्याच्या आत असलेला अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटतो. अशा दुखापतीतून सावरायला महिने लागतात.

थंडी आणि ऊन दोन्ही एकाच वेळी काम करतात हे नव्यांना खरं वाटत नाही. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत त्वचा भाजते. त्याच दिवशी वाऱ्याने कुणाच्या गालावर पांढरा, मेणचट डाग उमटलेला असतो. तो दिसला की लगेच आत जायचं. लिफ्टवर बसल्यावर प्रत्येकाचा चेहरा एकदा पाहायची सवय लावून घ्या. धुकं आणि बर्फ एक झाले की उतार कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. अशा वेळी झाडांमधल्या उतारांवर जा, कारण झाडांच्या गडद रंगामुळे नजरेला काहीतरी धरायला मिळतं.

प्रमाणपत्रांबद्दल. प्रत्येक देशाची व्यवस्था वेगळी आहे, म्हणून आधी कुठे काम करायचंय ते ठरवा आणि मग कोर्स निवडा. अमेरिकेत बहुतेक स्की शाळा प्रमाणपत्राशिवायही नव्यांना घेतात, सीझनच्या आधी स्वतः प्रशिक्षण देतात आणि नंतर पीएसआयए-एएएसआय या संस्थेची लेव्हल एक द्यायला सांगतात. तिथे लेव्हल एक ते तीन अशी चढण आहे. कॅनडात स्कीसाठी सीएसआयए आणि स्नोबोर्डसाठी सीएएसआय या संस्था. त्यांच्या पहिल्या पातळ्या काही दिवसांच्या कोर्समध्ये होतात आणि सीझनच्या सुरुवातीलाच देता येतात. न्यूझीलंडची एनझेडएसआयए दक्षिण गोलार्धातल्या जून ते ऑक्टोबरच्या सीझनसाठी सोयीची. ब्रिटनच्या बासी (BASI) या संस्थेची लेव्हल एक पाच दिवसांची असून सोबत स्की शाळेत ३५ तासांचा अनुभव घ्यावा लागतो, आणि ती मुख्यतः कृत्रिम उतार आणि इनडोअर केंद्रांसाठी आहे. डोंगरावर शिकवायचं तर लेव्हल दोन धरून चला. ऑस्ट्रियात आनवेर्टर ही पहिली पायरी काढून मुलांच्या आणि नवख्यांच्या गटांवर काम मिळतं. फ्रान्स मात्र फार कडक आहे. तिथे मान्यता नसताना पैसे घेऊन शिकवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि पूर्ण पात्रतेच्या वाटेवर जायंट स्लॅलमची, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळत उतरण्याच्या शर्यतीची, वेळ लावून घेतलेली परीक्षा पार करावी लागते. ती रेसिंगमध्ये वाढलेल्यांनाही जड जाते. एका सीझनपुरतं काम हवं असेल तर फ्रान्सचा विचार सोडून द्या. आयएसआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेचा शिक्का पुढे देश बदलताना उपयोगी पडतो, पण तो पुढच्या पातळ्यांवर मिळतो, आत्ता त्याची काळजी नको.

लेव्हल एकच्या परीक्षेत लोक वेगाने स्की करून दाखवायला जातात आणि तिथेच गुण घालवतात. परीक्षकाला तुमची हळू, स्वच्छ, नवख्याला नक्कल करता येईल अशी वळणं पाहायची असतात. व्हीच्या आकारातली वळणं अगदी संथपणे, सलग आणि दोन्ही बाजूंना सारखी काढणं हे अनेक उत्तम स्कीअरना जमत नाही, कारण त्यांनी ती कित्येक वर्षांत केलेलीच नसतात. तुमच्याकडे तयारीला एखादा आठवडा असेल तर तो अर्धा तरी या संथ वळणांवर घालवा, आणि उरलेल्या वेळात समोरच्याच्या चुकीचं एकच कारण शोधून त्यावर एकच उपाय सांगायचा सराव करा. पाच चुका दाखवणाऱ्यापेक्षा नेमकी एक शोधणाराच पुढे चांगला शिकवतो.

स्की की स्नोबोर्ड, तर जे जास्त पक्कं आहे त्यात पहिलं प्रमाणपत्र घ्या आणि त्याच सीझनमध्ये दुसऱ्याची लेव्हल एक करा. लहान मुलांचे वर्ग बहुतेक ठिकाणी स्कीचेच जास्त असतात, त्यामुळे स्की येणाऱ्याला काम सातत्याने मिळतं. पण स्नोबोर्डचे इन्स्ट्रक्टर कमी असल्याने गर्दीच्या आठवड्यात दोन्ही येणाऱ्याला सुपरवायझर सगळ्यात आधी हाक मारतो.

पैशाचं गणित आधीच समजून घ्या. बहुतेक ठिकाणी लेसन दिलेल्या तासांचे पैसे मिळतात. सकाळी हजर राहिलात आणि गट मिळाला नाही तर त्या वेळेचे पैसे काही ठिकाणी मिळतात, काही ठिकाणी मिळत नाहीत. करार सही करण्याआधी हा एकच प्रश्न नक्की विचारा. नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या या आठवड्यांत रोज काम असतं, सुट्टी मिळत नाही. जानेवारीच्या मधल्या आठवड्यांत मात्र हात रिकामे असतात. डिसेंबरची सुरुवात तर आता कृत्रिम बर्फावर चालते, आणि तो करायलाही हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते. हवा उबदार राहिली तर सीझन उशिरा सुरू होतो आणि तुमच्या पहिल्या पगाराला उशीर होतो. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे सोबत ठेवा. उत्तर अमेरिकेत टीपचा वाटा मोठा असतो, युरोपात कमी. खरी कमाई वाढते ती नाव घेऊन परत येणाऱ्या लोकांमुळे. जे कुटुंब पुढच्या वर्षी तुमच्याच नावाने बुकिंग करतं, त्या बुकिंगचा दर तुमच्यासाठी जास्त असतो. म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी त्या माणसाला त्याची प्रगती एका वाक्यात सांगा आणि पुढे काय करायचं तेही.

राहण्याची जागा हा अलीकडे पगारापेक्षा मोठा प्रश्न झालाय. स्की गावांत घरं कमी आणि भाडी जबरदस्त, त्यामुळे रिसॉर्ट स्वतःची खोली देतो का, ती कुणाबरोबर वाटून घ्यावी लागते आणि सीझन अर्ध्यात संपला तर भाड्याचं काय, हे विचारा. नोकरी निवडताना मी पगाराआधी खोली पाहायला सांगते. दहा-बारा तास थंडीत उभं राहिल्यावर बूट वाळवायला जागा आणि शांत झोप मिळाली नाही तर जानेवारीअखेर शरीर जवाब देतं. त्याबरोबर आजारपणाचा आणि अपघाताचा विमा कोणाच्या नावावर आहे, सुट्टीच्या दिवशी स्वतः स्की करताना पडलात तर तो लागू होतो का, हेही लेखी घ्या.

व्हिसा देशागणिक बदलतो. कॅनडा, न्यूझीलंड, जपान या ठिकाणी अनेक इन्स्ट्रक्टर वर्किंग हॉलिडे व्हिसावर जातात, पण तो तुमच्या पासपोर्टच्या देशाशी तसा करार असेल तरच मिळतो, आणि वयाची अटही असते. अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी जे-१ आणि हंगामी कामासाठी एच-२बी हे मार्ग वापरले जातात, आणि एच-२बीसाठी रिसॉर्टने स्वतः अर्ज करावा लागतो. त्यामुळे परदेशी लोकांना घेणाऱ्या शाळाच शोधा. जपानमधल्या निसेको आणि हाकुबा या भागांत इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा भरपूर आहेत आणि त्या दरवर्षी बाहेरून लोक घेतात. मुलांबरोबर काम असल्याने पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचा कोर्स बहुतेक शाळा मागतात. दोन्हींना वेळ लागतो, ते आधी सुरू करा.

उत्तर गोलार्धातल्या मोठ्या शाळा डिसेंबरच्या सीझनसाठी त्याआधीच्या उन्हाळ्यातच भरती सुरू करतात आणि चांगल्या खोल्या सगळ्यात आधी संपतात. अर्जात तुम्ही कोणते उतार उतरता याला दोन ओळी पुरतात. त्याऐवजी कधी कुणाला काही शिकवलं असेल, पोहणं, गणित, सायकल, गाणं, ते सविस्तर लिहा. निवड करणारा पहिल्यांदा तेच वाचतो. अर्ज पाठवण्याआधी शक्य झालं तर जवळच्या कुठल्याही उतारावर, इनडोअर केंद्रातही चालेल, एखाद्या इन्स्ट्रक्टरच्या परवानगीने नवख्यांच्या वर्गात दोन दिवस मदतनीस म्हणून उभं राहा. पडलेल्या सातव्या माणसाला उठवतानाही तुम्हाला घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही, तर अर्ज भरा.